गेरूचा वेढा

लोहारा,
९ एप्रिल १९८३

प्रिय रुद्रम्मा,

तुझं पत्र पोचलं. नातवाचं बारसं, आटलेली विहीर, सगळं वाचलं. पण समासात बारीक अक्षरात लिहिलेल्या त्या ओळीवर अडकले. तिच्याकडे येतेच. आधी माझं ऐक.

इथं टँकर एक दिवसाआड येतो. सोसायटीचं दूध निम्म्यावर आलंय, तरी सकाळी मापाला मीच बसते. संक्रांतीनंतर ओटीपोटाच्या कातडीवर बारीक, टणक गाठी उठल्या. दूध घालायला येणाऱ्या गिरिजाबाईला दाखवल्या. ती म्हणाली, "बाई, नागीन हाय ही. तोंड-शेपूट जुळायच्या आत वेढा घालावा लागतो." रोज येऊन ती गाठींभोवती गेरूचा वेढा काढायची, हात इतका हलका, की डोळे मिटायचे. पाच वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडियम घेतलेली मी, कॉन्व्हेंटात शिकलेली मी, महिनाभर तिच्यापुढं बसले. नागिणीची आग होते, हे ठाऊक होतं. माझ्या गाठी दुखतसुद्धा नव्हत्या. पण नागीण बरी होते ना, म्हणून तेच नाव हवंसं वाटलं.

शाळेत पांढऱ्या झग्यावर शाई सांडली की आपण वर खडू घासायचो, आठवतं? युक्ती तुझीच. सिस्टर ओल्या रुमालानं पुसायच्या, आणि डाग तिथंच असायचा.

गाठी वेढ्याबाहेर उठल्या, तेव्हा सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. जुनाच आजार कातडीत आलाय. असा फार क्वचित परततो म्हणाले. किती दिवस, ते मी विचारलं. त्यांनी औषधाचंच बोलणं काढलं. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून घ्यायचं. दोनदा घेतलंय. केस गळताहेत, माप सुटलेलं नाही. गिरिजाबाई रडली. तिला म्हटलं, तुझी चूक नाही, ठाऊक असून गप्प मी बसले.

आता तुझी ओळ. पाळी जाऊन सहा वर्षं झाली आणि पुन्हा अंगावरून लाल जातंय, 'उन्हानं असेल'. रुद्रम्मा, हा खडू आहे. माझ्या आजाराची पहिली खूण हीच होती, आणि मीही उन्हालाच बोल लावला होता. बुधवारी माझी सोलापूरची तारीख आहे. मंगळवारी उमरग्याला तुझ्याकडे मुक्कामाला येते. सकाळच्या एसटीनं दोघी जाऊ. आधी तू तपासून घ्यायचं, मग मी सलाईन लावून घेईन. तू निघाली नाहीस, तर मीही तुझ्या ओसरीवरून उठणार नाही.

तुझीच, खडू पुसायला येणारी,
तारामती