ताईच्या उजव्या हाताचं माप

सोमवार, ३ मार्च

मास्तर हो म्हणाले! हो म्हणाले, हो म्हणाले!

सकाळी कारखान्यात लाकूड चिकटवायचा सरस तापवत उभी होते, तर मागून आवाज आला – "सात वर्षं दुसऱ्यांच्या गिटारींच्या माना घासल्यास. आता एक अख्खी तू कर. मी हात लावणार नाही. कुणासाठी करायची ते तू ठरव." मी ढवळायचीच विसरले. सरस करपला. शिव्याही तिथल्या तिथे खाल्ल्या. गोड लागल्या!

कुणासाठी म्हणजे काय? ताईसाठी. डावखुरी गिटार.

ताई डावखुरी नाही. पण चार वर्षांपूर्वी छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनने तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली आणि त्या हाताने तारा दाबणं संपलं. तेव्हापासून तिची गिटार कपाटावर. कुणी विषय काढला की ताई उठून कपडे वाळत घालायला जाते – कपडे नसले तरी! मला मात्र तेव्हापासून एकच सुचतंय. बाजू बदलायची. दाबायचं उजव्याने, छेडायचं डाव्याच्या उरलेल्या तीन बोटांनी. छेडायला तीन पुष्कळ झाली.

तिला आधी सांगायचं नाही. सांगितलं तर नाहीच म्हणेल.

मंगळवार, ४ मार्च

गिटारची मान किती रुंद ठेवायची हे दाबणाऱ्या हातावर ठरतं, म्हणून ताईकडे गेले माप घ्यायला. बागकामाचे हातमोजे शिवून घेतेय अशी थाप मारली. तिने कागदावर उजवा हात पालथा ठेवला, मी पेन्सिल फिरवली.

"डाव्याचंही घे की. त्याला कापड कमी लागेल," म्हणाली आणि स्वतःच हसली. मला काही हसता आलं नाही.

ती चहा टाकायला गेली तेवढ्यात स्टुलावर चढले. जुन्या गिटारीच्या तारांची लांबी मोजायची होती. खोळीवर धुळीचा कण नाही! भावोजींची साफसफाई म्हणजे काय विचारता. चेन ओढणार तोच ताईची पावलं वाजली आणि मी उडी मारली. गुडघा फुटला.

भावोजींना मी सगळं सांगून ठेवलंय. दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "जखमेवर मीठ चोळल्यासारखं व्हायला नको गं." झालं! घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

शुक्रवार, ७ मार्च

आज मजा. एक गिऱ्हाईक आलं होतं, पंधरा वर्षं वाजवतोय म्हणे, सगळ्यात भारी लाकूड दाखवा. मास्तरांनी घड्याळ बघायच्या निमित्ताने त्याचा डावा हात धरला, उताणा केला आणि बोटांची टोकं चाचपली. "आधी साधीच घ्या. वर्षभराने या," म्हणाले. तो गेल्यावर मी विचारलं, तर – "लोणी होतं नुसतं. तोंडाने माणूस काहीही सांगतो. तारा दाबणाऱ्याच्या बोटाला घट्टा पडतोच, तो लपवता येत नाही."

आमच्या पॉलिशवालीने लगेच आपली दहाही बोटं पुढे केली. "मग मी काय काय वाजवते सांगा!" तिची बोटं रंगाने तपकिरी, तासल्यासारखी. मास्तर म्हणाले, "तू फक्त तोंड वाजवतेस." हसून हसून पोट दुखलं.

बुधवार, १२ मार्च

पुढची फळी तासून झाली. दोन बोटांत धरून टिचकी मारली आणि – काय वाजली! खणखणीत! परत वाजवली. परत. पॉलिशवाली म्हणाली, आता पुरे, फळी दमली.

दुपारी आतल्या आधाराच्या पट्ट्याही चिकटवून टाकल्या. आतापर्यंत सगळं कसं सुरळीत. मीच माझी पाठ थोपटली.

गुरुवार, १३ मार्च

गाढव. मी. शंभर टक्के.

मास्तर हात पाठीशी बांधून आले. हात लावणार नाही म्हणालेत ना, मग हल्ली तसेच फिरतात. फळीकडे बघत राहिले. "कुठल्या हाताची आहे ही?"

"डाव्या."

"नीट बघ."

बघितलं. पायाखालची जमीनच सरकली. या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात, म्हणून डावखुऱ्या गिटारीत त्या आरशातल्यासारख्या उलट लागतात. मी पट्ट्यांचा नकाशा उलटा केला. मग आठवलं की पट्ट्या आतल्या बाजूला लागतात आणि आतून सगळं उलट दिसतं, म्हणून आणखी एकदा उलटा केला. आमच्या कारखान्यातला नकाशा मुळातच आतून बघून काढलेला आहे! हे मला सात वर्षं माहीत आहे! दोनदा उलटं म्हणजे सुलटं. एवढ्या प्रेमाने मी ताईसाठी एक झकास उजवी गिटार करत होते.

रडले. सरळ भोकाड पसरलं. मास्तर म्हणाले, "माझ्या पहिल्या डावखुऱ्या गिटारीत मीही हेच केलं होतं. फक्त मला पॉलिश झाल्यावर कळलं."

शुक्रवार, १४ मार्च

ओलं फडकं, गरम सुरी. सरस असल्याचा हाच फायदा, ऊब लागली की सोडतो. सकाळपासून एकेक पट्टी सोडवली. श्वास रोखून. शेवटची हटवादी निघाली, फळीचा एक पापुद्रा घेऊनच उठली. तो बसवला, घासला, टिचकी मारली.

वाजली. तशीच! मास्तर नुसते मान हलवून गेले. पाठीमागचे हात मात्र घट्ट आवळलेले होते. मी बघितलं.

मंगळवार, २२ एप्रिल

तारा चढवल्या!!

लोक म्हणतात डावखुरी गिटार म्हणजे काय, तारा उलट्या लावल्या की झालं. झालं कसं? मानेच्या टोकाला प्रत्येक तारेसाठी खाच असते – जाडीला रुंद, बारकीला अरुंद. नुसती अदलाबदल केली तर जाडी अरुंद खाचेवर तरंगते आणि जोरात छेडली की उडते. मी सगळ्या खाचा नव्याने कापल्या. सहाही तारा आपापल्या जागी गपगार बसल्या.

पहिला स्वर पॉलिशवालीने छेडला, मला धीरच होईना. आवाज भरभरून आला आणि मी तिला परत छेडायला लावलं. परत!

आता फक्त ताई. तिने हात नाही लावला तर? उठून कपड्यांच्या दोरीकडे गेली तर? चार वर्षं तिने स्वतःला समजावलं असेल, आणि मी ही घेऊन दारात. मास्तरांना म्हटलं, भीती वाटते. म्हणाले, "वाटू दे. घेऊन जा."

रविवार, २७ एप्रिल

ताई रागावली नाही. रडली नाही. दोरीकडेही गेली नाही. भावोजी खाली भाजी आणायला गेले होते. तिने गिटार मांडीवर घेतली – मी काही सांगायच्या आत, बरोबर उलट्या बाजूने. मानेच्या टोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अरे वा! इथे जाडी तार खाचेत बसते. माझ्या जुन्या गिटारीवर सारखी उडते."

उडते?

मी तिचा उजवा हात धरून उताणा केला. चारही बोटांच्या टोकांना घट्टे. कडक, जुने.

"ह्यांना सांगू नकोस हं," ताई म्हणाली. "अजून दोनच गाणी बसलीत."