उसवलेला वाघ

आप्पा, तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायची. हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही. जन्मभर वर्तमानपत्राला वेळेवर मजकूर दिला. हा मात्र राहिला.

जपानशी लढाई चालू होती. कॅम्पातल्या तुमच्या शिलाईच्या दुकानात हवालदार खाकी शर्टांचं गाठोडं आणि कागदावर काढलेलं वाघाचं डोकं घेऊन आला. खानापूरच्या जंगलात एक नवी तुकडी तयार होत होती. निरनिराळ्या पलटणींतून माणसं निवडलेली, त्यांत आपला दादा. साहेबानं जवानांनाच नाव विचारलं. कुणीतरी ओढ्याकाठी पंजे पाहिले होते, म्हणून वाघ तुकडी. सुईत पिवळा दोरा ओवत तुम्ही म्हणालात, "आधी नाव देत्यात, मग चिन्ह. काम सगळ्यात शेवटाला सांगत्यात. तवर पोरं नावावर भाळल्याली असत्यात."

"तुमचं तर लईच भाळलंय, आप्पा," हवालदार हसला.

मीही भाळले होते. तेरा वर्षांची होते. खासबागेतल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून झालं होतं की माझा दादा वाघ आहे.

त्याच आठवड्यात दादाचं पत्र आलं. आई भाकरी थापत होती, तुम्ही उंबऱ्यात बसला होतात. तब्येत बरी आहे, जंगलात जळवा फार आहेत, आईला नमस्कार, असं मी वाचलं. "एवढंच?" तुम्ही विचारलंत. "व्हय, एवढंच," मी म्हटलं आणि पत्राची घडी घातली.

तीन आठवड्यांनी मी डबा घेऊन दुकानात आले, तर हवालदार तेच शर्ट घेऊन परत आलेला.

"वाघ काढा, आप्पा. सगळ्यांवरचं."

"परवा तर लावलं की रं! उसवायचंच हुतं तर शिवायला कशाला लावलासा?"

"सरकारचा शर्ट, सरकारचा दोरा. तुमचं काय जातंय?" म्हणाला आणि त्यानं दाराबाहेर पाहिलं. मग हळू आवाजात, "शत्रूच्या पाठीमागं जायाचं हाय म्हणत्यात. धरलं तर कुठल्या तुकडीचा, कळाय नको."

तुम्ही कातर घेतलीत. एका शर्टाची कॉलर तुम्हीच उलटून शिवलेली होती, ती मीही ओळखली. दादाचा तो शर्ट तुम्ही मांडीवर ठेवलात आणि बाकीचे सगळे झाल्यावर शेवटी उसवलात. तो वाघ तेवढा खिशात टाकलात.

पुढे 'बेपत्ता' अशी तार आली. तुम्ही तो पिवळा वाघ घेऊन लष्कराच्या कचेरीत जात राहिलात. कारकून दादाच्या जुन्या पलटणीचं नाव सांगे आणि म्हणे, वाघ तुकडी अशी तुकडीच कागदावर न्हाय. इंग्रज गेले, तरी तुम्ही जात होतात. घरी येऊन आईला म्हणायचात, "मीच नाव उसवलं गं. आता त्यास्नी माझं पोरगं सापडंना झालंय." आई ताट वाढायची. मी पाण्याचा तांब्या ठेवायची.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही ते पत्र पुन्हा वाचायला सांगितलंत. तब्येत बरी आहे. जळवा फार आहेत. आईला नमस्कार. तुम्ही डोळे मिटून विचारलंत, "एवढंच?"

आप्पा, त्यात आणखी एक ओळ आहे. 'मी एकुलता मुलगा, म्हणून साहेब म्हणतो, घरच्यांनी नको म्हटलं तर यादीतून नाव काढतो. आप्पांना विचार आणि शनिवारच्या आत कळव.' तुम्ही नको म्हणाला असतात. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच ती मी वाचली नाही.

परवा पत्र काढून मोठ्यानं वाचायला घेतलं. घरात कुणीही नव्हतं. जळवांपर्यंत आले, नमस्कारापर्यंत आले, आणि घडी घातली.