बाटलेल्या सतारीचा सा

मी, गजेंद्र खुशालराव ढोमणे, वय ५४, धंदा वर्तमानपत्रातून लोकांच्या खोड्या काढणे, राहणार अमरावती, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून माझे वाचक हसतील, हसोत.

१. राहतं घर, बँकेतली ठेव आणि नांदगाव खंडेश्वरच्या वावरातला माझा हिस्सा बहीण रागिणीला.

२. सत्कारांत मिळालेल्या शाली ज्यांच्या त्यांना परत कराव्यात. पुढच्या सत्काराला त्यांना लागतील.

३. बाबांची सतार रागिणीच्या मुलीला, मोनालीला. ती आता सतार राहिलेली नाही. मी पडदे उतरवले, पडद्यांखालच्या बारीक तारा, म्हणजे तरफा, काढल्या, तारांखाली रुंद घोडी बसवली आणि चार तारांचा तंबोरा केला. मोनालीचे वडील, अकोल्याचे सूर्यभानजी, तेव्हा म्हणाले, "गजाभाऊ, तुमी सतार बाटवली." शब्द मला फार आवडला. तिला कोणी शुद्ध करून परत घेऊ नये, म्हणजे पडदे पुन्हा बांधू नयेत.

कारण लिहून ठेवतो. मोनालीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली उतरला. सूर्यभानजींचा हट्ट, की घरचा तंबोरा जुन्याच उंच पट्टीत, काळी चारमध्ये राहील, पोरगी चढेल हळूहळू. पोरगी चढली नाही, तिनं गाणंच सोडलं. मी विचारलं, "काहून गात नाहीस वं?" तर म्हणे, "मामा, मी गाऊ लागली की बाबा खिडक्या लावतेत. लोकाइले वाटते म्हणे, घरात कोणी माणूस गाऊन राहिला."

म्हणून मी सतारीला हात घातला. बारीक तारा खाली उतरवल्या तर शेळीसारख्या बें बें करू लागल्या. त्या काढून जाड घातल्या, खर्जाला पितळेची. पहिली पंचमात लावली. मग तारेखाली घोडीवर सुताचा धागा सरकवत होतो, तर एका जागी खर्ज उघडला आणि त्यातून गंधार येऊ लागला. चारांतली एकही तार गंधारात लावलेली नव्हती. आयुष्यभर मी प्रत्येक चमत्कारामागची दोरी शोधत आलो. इथे दोरी माझ्याच हातात होती, तरी चमत्कार तसाच राहिला.

माझ्याकडे आलेली मोनाली स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मामा, ग कोण म्हणून राहिलं?"

"कोणीच नाही."

ती खाली बसली आणि त्या गंधारावर तिनं आपला आवाज ठेवला. तार कुठे संपते आणि पोरगी कुठे सुरू होते, मला कळेना. यावर माझ्याकडे विनोद नाही.

४. सूर्यभानजींना माझी आरामखुर्ची. अट एकच: मोनाली गात असताना ती खिडकीशी ठेवून तीत बसावं. खिडकी उघडी.

५. तंबोरा कशात लावावा, याबद्दल मी इथे "कायम पांढरी तीन" असं लिहिलं होतं; ही मोनालीच्या आजच्या, उतरलेल्या आवाजाची पट्टी. साक्षीदार अश्विन वकील आहे. तो म्हणाला, "बरं केलं काका, पक्कं लिहिलं की भांडण नाही." दुसरी साक्षीदार, शेजारची दीक्षा, म्हणाली, "अन् पोरीचा आवाज आणखी बदलला तं? तुमी का वरून खुंटी पिळाले येणार हाय?"

सबब वरील तीन शब्द मी स्वतः खोडले असून खाडाखोडीवर सही केली आहे. त्यांच्या जागी असं वाचावं: सा मोनाली सांगेल तो.

लिहून ठेवणार: गजेंद्र खुशालराव ढोमणे (सही)

आमच्यासमक्ष खोडलं, आमच्यासमक्ष सही केली:
अश्विन गावंडे (सही)
दीक्षा तायडे (सही)

अमरावती, ९ फेब्रुवारी २०२५