बंद करण्याचा अधिकार

३ मार्च, सोमवार
जप झाला. घरखर्चाचा हिशेब लिहिला. सूनबाई घरूनच ऑफिस करते. आज विचारलं, एवढं काय चाललंय त्या डब्यात? म्हणाली, आई, कॉम्प्युटरच्या आत एक खोटा-खोटा कॉम्प्युटर चालतो. त्याला दोन बटणं बसवतेय, एक बंद करायचं, एक पुन्हा सुरू करायचं. पण दाबायचा अधिकार आतल्या विश्वासू भागालाच. बाकी ऐऱ्यागैऱ्या प्रोग्रॅमांनी कितीही दाबलं तरी ढिम्म. शुक्रवारी साहेबांना दाखवायचं. जमलं तर नोकरी पक्की.
मला चटकन पटलं. घरही असंच चालतं. मॅट्रिकला गणितात पहिली होते ती काय उगीच? संकल्प: सूनबाईला मदत करायची.

४ मार्च
सूनबाई बाजारात. स्क्रीन काळी, खोलीत चिटपाखरू नाही, डबा मात्र घरघरतोय. वीज काय फुकट येते? भिंतीवरचं बटण बंद केलं. आल्यावर म्हणाली, अहो आई, स्क्रीन झोपली होती, काम चालू होतं! सकाळपासूनचं सगळं गेलं. हे पेपरामागून तिला म्हणाले, अगं, माझा डोळा लागला की ही माझ्यावरचा पंखासुद्धा बंद करते, तुझ्या डब्याचं काय घेऊन बसलीस.
संकल्प: भिंतीवरच्या बटणाला हात लावायचा नाही.

५ मार्च
संकल्प पाळला. फक्त वायफायच्या डबीची पिन काढली. ती भिंतीत नसते, टेबलाखालच्या पट्टीत असते. दिवे उगाच लुकलुकत होते. तर म्हणे साहेबांबरोबर मीटिंग चालू होती. कानात बोंडं घालून गप्प बसलेल्या माणसाची मीटिंग चालू आहे, हे मला कसं कळणार?
सूनबाईने पट्टीवर चिठ्ठी चिकटवली: हात लावू नये. पाहुण्यांसाठी असावी.

७ मार्च, शुक्रवार
देवाला साकडं घातलं. माळ घेऊन तिच्या दाराबाहेर बसले. आतून आवाज: बघा सर, बाहेरच्या भागातून बंद करायचा हुकूम दिला. बंद होत नाहीये. पुन्हा देते. नाहीच होत! पोरीचा आवाज चढला. पोरीची नोकरी जाणार आणि मी माळ ओढत बसू? तडक उठले आणि मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला.
बंद झालं. सगळंच.
सूनबाई बाहेर येऊन म्हणाली, आई, बंद होत नाही हेच तर दाखवायचं होतं! साहेब शाबासकी द्यायच्या बेतात होते. हे म्हणाले, घ्या, बंद करायला हिच्याइतकं विश्वासू माणूस मिळायचं नाही.
मग हे आधी सांगायला नको?
साहेबांनी सोमवारी पुन्हा दाखवायला सांगितलंय. म्हणजे नुकसान काहीच नाही. उलट सरावाला वेळ मिळाला.

८ मार्च
सूनबाई डबा, वायरी, सगळं घेऊन माहेरी निघाली. मीच म्हटलं, जा बाई, निवांत काम कर. गाडी तोवर दाराशी आलीच होती.

१० मार्च, संध्याकाळी
सूनबाईचा फोन. जमलं. नोकरी पक्की. म्हटलं, देवाने माझं ऐकलं. म्हणाली, हो आई. आता काम इथूनच करते, सवडीने येत जाईन. चिरंजीव ऑफिसातून परस्पर तिकडेच गेले. हे अभिनंदन करायला म्हणून गेले, जेवूनच येणार.
देवापुढचा सोडला तर घरात एक दिवा चालू नाही. बिल निम्म्यावर येणार.
कुणाला तरी सांगायला हवं.