हात फिरवलेला नकाशा

सर, परवा शाळेच्या सभागृहात मला तुमची आठवण आली, आणि खरं सांगायचं तर आठवणीच्या आधी राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणारं माणूस आता माझ्याशिवाय कोणी उरलं नसेल. मी गोखिवऱ्याच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर बसून नखं खाणारी मुलगी शाळा चालवते हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असतात आणि "कठीण आहे" एवढंच म्हणाला असतात. तुमचं "कठीण आहे" हे शिव्यांपेक्षा लागायचं. कालची गोष्ट मात्र खरोखरच कठीण होती, आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला समजेल असं मला वाटत नाही.

यंदा जूनपासून मी नववीला एक नवीन गोष्ट सुरू केली. चित्रकला, गाणं, नाटक हे सगळं आठवड्याच्या दोन तासांत कोंडून न ठेवता प्रत्येक विषयात आणायचं. विज्ञानात मिठागरातलं पाणी आटून मीठ कसं धरतं ते मुलांनी चित्रांच्या पट्ट्यांमध्ये दाखवायचं, इतिहासात किल्ल्याच्या वेढ्यावर स्वतः पोवाडा रचायचा, आपल्या घरच्या बोलीत नाटुकलं लिहायचं. सांगायला सोपं, पण माझ्या नाकी नऊ आले. गणिताचे सर स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोवाडा गाऊन समीकरण सुटत असेल तर मीही डफ आणतो." पालक वेगळेच. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात, तेवढ्यापुरती त्यांना कला प्रिय. "मॅडम, पुढच्या वर्षी दहावी आहे, मुलगा घरी मातीचे गोळे करत बसलाय," अशी तक्रार घेऊन एक आई आली होती. मी तिला म्हटलं, तो गोळा नाही, हृदय आहे, त्याला चार कप्पे आहेत, मोजून बघा. ती हसली नाही.

शेवटी ही कुरबुर संस्थेपर्यंत गेली. संस्थेच्या अध्यक्षांचा कामण रोडला गोदामांचा धंदा आहे. माणूस वाईट नाही, पण शाळेत आला की त्याला भिंतीचा रंग आधी दिसतो. त्यांनी निरोप पाठवला, की शनिवारी कमिटी शाळेत येईल, मुलांचं काम बघेल आणि त्याच दिवशी ठरवेल. आवडलं तर नववीचं हे सगळं चालू राहील, नाहीतर दिवाळीनंतर कलेचे तास जादा वर्गांना जातील. तास गेले की आमच्या चित्रकलेच्या मॅडमही जाणार. विरारची मुलगी आहे, तासिका तत्त्वावर घेतलेली, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि पुढची हमी काही नाही. वर्गात मुलांच्या बाकावर मांडी घालून बसते. तिच्यामुळेच हे सगळं उभं राहिलं, मी नुसती उंटावरून शेळ्या हाकत होते.

शुक्रवारी दुपारी सभागृहात मांडणी झाली आणि मी बघायला गेले. सगळं इतकं देखणं होतं की मी दारातच थांबले. मिठागराच्या पट्ट्यांवर एकसारखं निळं आभाळ, मातीच्या हृदयावर पॉलिश, पोवाड्याच्या तक्त्याला सोनेरी किनार. नववीतली कामणकडची एक मुलगी भूगोलाच्या कोपऱ्यात उभी होती. त्यांना "शाळा ते माझं घर" असा नकाशा काढायला दिला होता, मोजमाप न घेता, आपल्याला रस्ता जसा वाटतो तसा. भिंतीवर तिचं नाव लिहिलेला नकाशा होता. हिरवे डोंगर, सरळ काळा रस्ता, गोदामांचे आखीव चौकोन, कडेला छोटंसं कौलारू घर. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. मी विचारलं, "काय गं, आवडला का भिंतीवर?"

"ह्यो माझा नाय, मॅडम."

"तुझंच नाव आहे की."

"नाव माझा हाय. नकाशा नाय." मग जरा थांबून म्हणाली, "पानी कुठं गेलं?"

तेव्हा मला कळलं. तिच्या नकाशात गोदामं अर्ध्या कागदाएवढी होती, काळीकुट्ट, आणि घर नखाएवढं. गोदामांपासून घरापर्यंत रस्त्यावर एक मोठा तपकिरी ओघळ होता. पावसात तिथे पाणी भरतं आणि तिला चपला हातात घेऊन चालावं लागतं. गढूळ पाण्याचा रंग पेटीत सापडेना म्हणून तिने घरून चहा आणून कागदावर ओतला होता. मी चित्रकलेच्या मॅडमना बोलावलं. ती आली, मुलीकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "मला वाटलं चहा सांडलाय," ती म्हणाली. "मी सगळ्यांवरच थोडा हात फिरवला, मॅडम. पोरांची मेहनत उठून दिसावी म्हणून." हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. मी मुलीकडे बघत होते. मी मुलीला विचारलं, परत काढशील का, अजून वेळ आहे. ती म्हणाली, "आता तसा नाय येनार." नकाशा भिंतीवरच राहिला.

आणि तिथे मला तुमचा राग आला, सर. सहावीत तुम्ही मला तालुक्याच्या स्पर्धेसाठी चित्र काढायला लावलंत, विषय "माझी आई". आमच्या बिल्डिंगला तेव्हा नळ होते, पण नळाला पाणी नव्हतं. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा आणि बायकांची झुंबड उडायची. मी आईला टँकरपाशी काढलं. एका हातात पाइप, पदर खोचलेला, तोंड आ वासलेलं, कारण ती शेजारणीवर ओरडते आहे. मला ते चित्र फार आवडलं होतं. कागद चिकटवायची खळ संपली होती म्हणून तुम्ही मला तुमच्या घरी पिटाळलंत. तुमच्या मिसेस स्वयंपाकघरात मैद्याची खळ ढवळत होत्या, दुसऱ्या चुलीवर बोंबलाचं कालवण, दोन्हींचा वास एकात एक मिसळलेला. "थंड होऊ दे गो, हात भाजेल," असं म्हणून त्यांनी मला पाटावर बसवलं आणि पाव दिला. मी खळीचा डबा घेऊन परत येते तर तुम्ही माझ्या चित्रावर वाकलेले. आईचं तोंड मिटलं आहे. डोक्यावर पदर आला आहे. पाइप जाऊन कमरेवर घागर आली आहे. मी रडायला लागले तर तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "चित्र प्रदर्शनात जायचं आहे की तुझ्या घरात राहायचं आहे?"

त्याला पहिलं बक्षीस मिळालं. तुम्ही खूश होऊन मला तुमच्याकडचा सहा नंबरचा चांगला ब्रश दिलात आणि मी तो घेतला, नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. प्रदर्शन बघायला आई आली. चित्रापुढे उभी राहून तिने मला सहज विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, अशीच एक बाई. त्यानंतर मी चित्र काढलं नाही असं नाही, शाळेत काढावीच लागतात, पण तुम्ही काढाल तशीच काढली. तुम्हाला वाटलं मी सुधारले. वर्षानुवर्षं मी स्टाफरूममध्ये तुमची ही गोष्ट सांगत आले. मुलांच्या कामावर हात फिरवू नका, आमच्या सरांनी काय केलं ते ऐका, असं म्हणून. या गोष्टीवर मी माझं निम्मं नाव कमावलं आहे.

पण काल सकाळी कमिटीची वाट बघताना मला पहिल्यांदाच सुचलं, की तुमच्याही डोक्यावर कोणीतरी असेल. तुमचा तो जिन्याखालचा वर्ग, ज्यात उभं राहिलं की डोकं आपटायचं, तो काढून तिथे सायकली ठेवायचा विचार चालला होता, हे मला मोठेपणी कोणीतरी सांगितलं होतं. बक्षिसं आली आणि वर्ग राहिला. तुम्ही माझ्या आईचं तोंड मिटवून तो वर्ग वाचवला असेल. असेलही. कळलं म्हणून राग गेला नाही, उलट तो ठेवायला जागा उरली नाही.

अध्यक्ष आले, बरोबर कमिटीचे चौघे. पोवाडा झाला, मुलांनी जीव तोडून गायला. गणिताच्या सरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, मी बघितलं. मग सगळे भिंतींपाशी फिरू लागले. अध्यक्ष भूगोलाच्या कोपऱ्यात थांबले आणि त्यांचा चेहरा खुलला. "हा आपला कामण रोड. वा. किती स्वच्छ काढलाय. बाई, याचा मोठा प्रिंट करून ऑफिसात लावू." त्यांनी मुलीला जवळ बोलावलं आणि पाठीवर हात ठेवून विचारलं, "तू काढलास?" तिने माझ्याकडे बघितलं. सर, त्या क्षणी एक "हो" पुरेसा होता. तास वाचत होते, मॅडमची नोकरी वाचत होती, माझी मान ताठ राहत होती. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. माझी परवानगी मागत असल्यासारखी नुसती बघत राहिली. मी म्हणाले, "हा तिचा नाही. तिने काढला होता त्यावर आमचा हात फिरलाय. इथल्या सगळ्यांवरच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अध्यक्षांनी मुलीलाच विचारलं, "मग तुझ्यात काय होतं?"

"पानी होतं," ती म्हणाली. एकदा बोलायला लागल्यावर ती थांबली नाही. "गोदामांच्या म्होरं. तिथं भराव टाकला ना, तवापासून आमच्या रस्त्यावर येतं. गुडघ्यापतुर. आजीला उचलून न्यावं लागतं."

अध्यक्षांचा हात तिच्या पाठीवरून खाली आला. भराव कोणाचा, हे तिला माहीत नव्हतं. आम्हा बाकीच्या सगळ्यांना माहीत होतं. कोणी कोणाकडे बघेना. मला वाटलं, आता संपलं, प्रयोग गेला. पण ते मुरलेले गृहस्थ आहेत. त्यांनी पाण्याचं नाव काढलं नाही. शांतपणे म्हणाले, "मुलांचा काही दोष नाही. कल्पना चांगली आहे, चालू राहू दे. पण मुलांच्या कामात ढवळाढवळ करणं ही फसवणूक झाली. हे कोणी केलं?"

चित्रकलेच्या मॅडमनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा, कोपरापासून सरळ. "मी केलं, सर."

तिथल्या तिथे ठरलं. नववीचं काम वर्षभर चालू राहणार. मॅडमचे तास या महिन्याअखेर बंद, नवीन माणूस बघायचा. कमिटीतल्या एका बाईंनी जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, खरं बोलायला धाडस लागतं. चहा झाला. मॅडमनी भिंतीवरचे कागद एकटीने उतरवले, टाचण्या एका डबीत गोळा केल्या आणि डबी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "येते मॅडम," म्हणाली. मी "सोमवारी बोलू" म्हणाले.

आज रविवार आहे. सकाळपासून टेबलाशी बसून मी तुम्हाला हे सगळं लिहिते आहे आणि बुधवारची एक गोष्ट अजून लिहिलेली नाही. बुधवारी मी मॅडमबरोबर वर्गातली कामं बघत होते. कमिटी येणार म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या नकाशापाशी मी थांबले, त्या तपकिरी ओघळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे काय? शनिवारी हे असं दिसता कामा नये. सगळ्यांवरूनच जरा हात फिरवा." मॅडम म्हणाली होती, "फिरवू का, मॅडम? तुम्ही नेहमी नको म्हणता." मी म्हणाले, "या वेळी फिरवा." शुक्रवारी ती माझ्याकडे बघत होती ती म्हणून. काल हात वर करतानाही तिने माझं नाव घेतलं नाही. आणि मी धाडसी ठरून घरी आले.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून ते भराभर लिहून झालं. मी खरं तर अध्यक्षांना लिहायला बसले होते.