‘पऱ्हाटी’तला अर्धा र

५ फेब्रु. २००७
क्लास सुटल्यावर मार्गदर्शिकेला हात घातला. पहिला परिच्छेद चारदा खोडला. शेवटी राह्यला तो असा: ‘गेम बनवायच्या इंजिनात मराठी अक्षरं तुटतात. वेलांटी भलतीकडं जाते, जोडाक्षर सुटं पडतं. हे अ‍ॅड-ऑन ती बराबर जोडतं. फुकट आहे, कोणीही वापरा.’ बस.
पुढं ‘माझं’ लिहू का ‘आमचं’, तिथं अडले. मिलिंद आणि मी जुन्या जालन्यात एकाच कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचो, हे दोघांनी मिळून बनवलेलं. मंग तो पुण्याला गेला, मुलाखतीत एकट्याचं म्हणून दाखवलं, नोकरी लागली. मला तिसऱ्याकडून कळलं. दोन वर्षं झाली, बोलणं न्हाई.

८ फेब्रु.
कोडच्या प्रत्येक भागावर दोन-दोन ओळी लिहून राह्यले. काय घेतं, काय देतं. आवडायला लागलंय हे काम. आपलंच जुनं डोकं परत भेटतं.
मिलिंदच्या भागात अकरा ओळी, कशासाठी ते कळेना. वर टीप एकच: ‘इथं हात लावू नका.’ लावला. काढूनच टाकल्या. काही बिघडलं न्हाई. खुश.

११ फेब्रु., रविवार
वहिनी राजूरहून आल्या. तिथं झेडपीच्या शाळेत दुसरीला शिकवतात, पोरांसाठी शब्द ओळखायचा गेम पाहिजे त्यांना. मार्गदर्शिका हातात दिली, मशीनसमोर बसवलं. तिसऱ्या पायरीवर अडल्या. ‘फोल्डरमध्ये टाका’ लिहिलंय, कोणत्या ते लिहिलंच न्हाई. मी तोंड उघडलं तर म्हणल्या, “तू सांगू नको. कागदानं सांगितलं पाहिजे. तू काय सगळ्यांच्या घरी जाणारेस?”
पायरी नवी लिहिली. मंग सुरळीत. ‘लक्ष्मी’ टाकलं, छान उमटलं. ‘दुसऱ्या’ टाकलं तर ‘दुसर्या’. अर्धा र ‘या’च्या डोक्यावर. वहिनींनी चष्मा पुसला, परत बघितलं. हे वर्गात दाखवता येणार न्हाई, म्हणल्या.
तर त्या अकरा ओळी यासाठी होत्या.

१३ फेब्रु.
ओळी परत घातल्या. ‘दुसऱ्या’ जागेवर आलं. पण त्या कशा चालतात हे मला सांगता येत न्हाई, आणि ‘हात लावू नका’ असं लोकांना लिहिणं बरं न्हाई. शिवाय अर्धं काम त्याचं. त्याला विचारल्याशिवाय नेटवर टाकायचं, तर त्याच्यात नि माझ्यात फरक काय?
नेट कॅफेत बसून मिलिंदला मेल लिहिला. लांबलचक, सगळं जुनं काढून. पाठवायच्या आत लाइट गेली. आली तेव्हा परत लिहिला. पाच ओळी. जुनं काही न्हाई.

१९ फेब्रु.
उत्तर न्हाई. इंग्रजी मार्गदर्शिका अर्धी झाली. ‘वेलांटी’ला इंग्रजीत काय म्हणावं यात दुपार गेली. शेवटी चित्र काढलं.

२२ फेब्रु.
मिलिंदचा फोन, क्लासवर. नमस्कार-बिमस्कार न्हाई, एकदम अकरा ओळींवर आला. मी लिहून घेत गेले. मला माहीत नव्हतं ते हे: त्याची आई मंठ्याला असते, मोठेपणी प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली. तिला त्यानं पहिल्यांदा स्क्रीन दाखवली तेव्हा ती म्हणल्ती की ‘पऱ्हाटी’ चुकीची लिहिलीय. कापसाचं झाड, ज्याच्यात तिचा जन्म गेला, त्याचाच शब्द. त्यानंतर त्यानं त्या ओळी घातल्या.
मी विचारलं, टाकू का सगळ्यांसाठी. टाक म्हणला. पण लगेच, “माझं नाव नको. इथं मी एकट्यानं केलं म्हणून सांगितलंय.”
“नाव न्हाई टाकलं तर मी पण तेच केल्यासारखं होईल.”
दोन दिवस दे म्हणला.

२४ फेब्रु.
दोन दिवस झाले. राग येईना, याचंच नवल. मार्गदर्शिकेत उदाहरणाचा शब्द बदलला: पऱ्हाटी.

२६ फेब्रु.
मिलिंदचा मेल. ‘साहेबांना खरं सांगितलं. नाव लिही, तुझं अगोदर.’ साहेब काय म्हणाले ते लिहिलं न्हाई. मी विचारलं न्हाई. त्याला सोपं गेलं नसणार. दोन्ही नावं एका ओळीत टाकली, अगोदर माझं.

२ मार्च
टाकलं. कॅफेतून, तिसऱ्या खेपेला चढलं. वहिनींना फोन केला. दुरुस्त केलेलं त्यांना अगोदरच सीडीवर दिलं होतं; त्यांच्या शाळेत एकच कॉम्प्युटर, पोरं रांग लावून गेम खेळून राह्यली म्हणे. घरी येताना विनाकारण लांबच्या रस्त्यानं आले.

९ मार्च
नेपाळच्या एका शिक्षिकेचा मेल. त्यांच्याकडं झ वेगळा काढतात, तर हे चालेल का. मला माहीत न्हाई, आणि तसंच कळवलं. मेल मिलिंदला पुढं पाठवला.
संध्याकाळी त्याचा फोन. “आपण बघू,” म्हणला. ‘मी’ न्हाई, ‘तू’ न्हाई.
कधी, कसं, काही ठरलं न्हाई. नेपाळी दोघांनाही येत न्हाई. तिनं पाठवलेल्या चित्रावरून त्यांचा झ वहीत काढून बघितला. जमला न्हाई अजून.