कबायो की कबेयो

३ डिसेंबर १९३४, शहादे.
स्पेनचे एक अश्वपारखी साहेब सारंगखेड्याच्या यात्रेस येणार, ही वार्ता आज शाळेत समजली. शालक गिरधरची काळी घोडी तेच घेतील! म्हसावदचे गिऱ्हाईक परत धाडण्याचा आदेश मी त्यास तत्काळ दिला. दुभाषी: अस्मादिक. साहेबांचा बटलर हिंदी जाणतो म्हणे. परंतु बटलरच्या मुखी शास्त्र शोभत नाही. धुळ्याहून स्पॅनिश-इंग्लिश पुस्तक मागविले. सौ. भिकुबाई म्हणाली, "घोडी इकाले पोथी कसाले लागस?" या प्रश्नास प्रबंधच लिहावा लागेल, तूर्त वेळ नाही.

९ डिसेंबर.
पुस्तक आले. ‘कबायो’ म्हणजे घोडा, ‘कबेयो’ म्हणजे केस. सामान्य जन येथेच घसरतात. मी सूत्र रचले: आकार तो अश्व, एकार तो केश. विस्मरण असंभव.

१४ डिसेंबर.
‘कान्सादो’ म्हणजे दमलेला, ‘कासादो’ म्हणजे विवाहित. भेद एका अनुस्वाराचा. अनुभवान्ती तोही अनावश्यक वाटतो.
गिरधर येऊन म्हणाला, "दाजी, म्हसावदवाला परत उना व्हता. इकी टाकू का?" त्याच्या श्रद्धाहीनतेचा खेद वाटला. पुनश्च नकार कळविला. उद्यापासून पहाटे चारला उच्चाराभ्यास.

१५ डिसेंबर, सकाळी साडेआठ.
उठलो. थंडीत जिव्हा आखडते.

२१ डिसेंबर, सारंगखेडा. दुपार.
साहेबांच्या तंबूत गेलो. ऐनवेळी संस्कृत लोपले आणि मराठी स्मरले: ‘घोडे’. एकार! निःशंकपणे ‘कबेयो’ म्हणालो. म्हणजे वाक्य झाले: ‘साहेब, आपणांसाठी काळेभोर, तेजस्वी, चार वर्षांचे केस आणले आहेत.’ साहेबांनी हॅट काढली. मस्तक तांब्याच्या बुडासारखे गुळगुळीत. बटलर तोंडाला रुमाल लावून बाहेर धावला. दमल्याचे सांगून बसण्याची अनुज्ञा मागू गेलो, तो अनुस्वार गळाला. साहेबांनी माझा हात हाती घेऊन सहानुभूतीने दाबला.

सायंकाळ.
घोडी विकली गेली. बटलर अद्याप हसत असल्याने साहेब स्वतःच गिरधरपाशी जाऊन स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारू लागले. तो प्रत्येक प्रश्नास आपल्या अहिराणीत ‘आहे’ अशा अर्थाने म्हणे, "शे, साहेब, शे!" पुस्तकात पाहिले: ‘से’ म्हणजे ‘मला ठाऊक आहे’. इतका जाणता विक्रेता साहेबांस फार भावला. भिकुबाई गिरधरला म्हणाली, "भाऊ, पोथी तूच वाची व्हती का रे?"

२२ डिसेंबर, सकाळ.
साहेबांचे बोलावणे! कोट चढविला, पगडी घातली. बटलर म्हणाला, "साहब दाढी बनवाएँगे. उस्तरा साथ लाना." केसांविषयी इतक्या तळमळीने बोलणारा मनुष्य नापितच असणार, हा त्यांचा तर्क निर्दोष आहे. भिकुबाईने न विचारता उखा न्हाव्याची पेटी आणवून ठेवली. असो. साहेबांशी अर्धा तास एकांतात व्याकरणचर्चा करण्याची संधी कोणास मिळते? निघालो. ‘फार लागले का?’ याचे स्पॅनिश तेवढे पुस्तकात सापडत नाही.